घाम कष्टाचा, घाम विसाव्याचा



या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत सर्व विषय येतात. परंतु आंघोळ हा विषय क्वचितच आला असेल. चालक मंडळी आमच्याकडे आली तेव्हा कामगार चळवळीतला मनुष्य संप, बोनस किंवा महागाई यांवर बोलेल अशी त्यांची समजूत होती. आम्ही जर्मनीतील घामघराचे नाव काढले तेव्हा त्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. तरीही त्यांनी संमती दिली, याबद्दल त्यांचे आभार. विषय थट्टेचा वाटेल, पण तो थट्टेचा नाही. ज्याचे सारे आयुष्य घाम गाळण्यात जाते, त्याला तो घाम धुवायला जागा मिळते की नाही, हा प्रश्न या विषयाच्या पोटात आहे.

नगर आणि जर्मन माणूस यांची ओळख तशी जुनी. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मन व्यापाऱ्यांना, मिशनऱ्यांना आणि खलाशांना इंग्रज सरकारने आपल्या नगरच्या छावणीत आणून ठेवले होते. १९३९ साली पुन्हा तेच झाले. पुढे तिबेटातील सात वर्षांवर पुस्तक लिहून जगप्रसिद्ध झालेला गिर्यारोहक हाइनरिख हारर हाही प्रथम नगरला, मग देवळालीला आणि मग डेहराडूनला बंदिवान होता. त्या मंडळींनी आमचा उन्हाळा तारेच्या कुंपणाआड सोसला. आम्ही त्यांची भट्टी पाहिली ती मात्र पाहुणे म्हणून, राजीखुशीने.

काही वर्षांपूर्वी कामगार संघटनांच्या परस्पर भेटीच्या निमित्ताने आम्ही चौघेजण स्टुटगार्टच्या परिसरात गेलो होतो. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-नगरे आहेत. मोटारींचे कारखाने, धातूकाम, यंत्रे यांचा तो मुलूख. आठ दिवस कारखाने पाहून झाले. शनिवारी आमचे यजमान, धातुकामगार संघटनेतले एक निवृत्त गृहस्थ, म्हणाले, "आमचा कामगार काम कसे करतो ते तुम्ही पाहिलेत. आता तो विसावा कसा घेतो तेही पाहा." आणि त्यांनी आम्हांला नगरपालिकेच्या स्नानगृहात नेले. तेथे ती घामाची खोली होती. आपण तिला सॉना म्हणतो, जर्मन लोक झाउना म्हणतात. मूळ शब्द फिनलंडचा, आणि वस्तूही तिथलीच.

दारातच नियमांची पाटी होती. यजमानांनी ती आम्हांला समजावून सांगितली. आत शिरण्यापूर्वी साबणाने स्वच्छ आंघोळ करून अंग कोरडे करायचे. आत मोठ्याने बोलायचे नाही. मोठा टॉवेल बरोबर न्यायचा आणि तो असा पसरून बसायचे की घामाचा एक थेंबही लाकडी फळीवर पडू नये. येथवर सर्व ठीक होते. पुढचा नियम असा की, आत अंगावर कपडा चालत नाही, पोहण्याची चड्डीसुद्धा नाही! आणि आत स्त्री-पुरुष एकत्र.

मंडळी, आम्ही मोर्चे काढले आहेत, लाठ्या खाल्ल्या आहेत. परंतु त्या पाटीपुढे आमचे पाय अडखळले. आमच्यातील एक सोबती पाथर्डीकडचे, माळकरी. ते म्हणाले, "भाऊ, आपण बाहेर चहा पीत बसतो." यजमान हसले. त्यांनी सांगितले की, ज्यांना संकोच वाटतो ते टॉवेल गुंडाळून बसतात, त्याला कोणी हरकत घेत नाही; आणि स्त्रियांसाठी आठवड्यातून एक दिवस राखून ठेवलेला असतो. हे ऐकल्यावर आमच्या सोबत्याने पिशवीतून आपला पंचा काढला. नदीवर पंचा नेसून आंघोळ करण्याची कला ज्याला लहानपणापासून अवगत आहे, त्याला जर्मनीत कसली अडचण? पंचा कमरेला आणि टॉवेल फळीवर, अशा थाटात आमचे शिष्टमंडळ आत गेले.

खोली सगळी लाकडाची. तीन पायऱ्यांसारख्या फळ्या, एकीवर एक. कोपऱ्यात भट्टी, तिच्यावर काळ्या दगडांची रास. भिंतीवरचा उष्णतामापक ९० अंश दाखवीत होता. आपल्या नगरला मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की आपण दारे लावून घेतो. येथे त्याच्या दुपटीहून अधिक, आणि माणसे मुकाट्याने डोळे मिटून बसलेली! पाणी इतके तापले असते तर कातडी सोलून निघाली असती. मग हवेने का भाजत नाही? कारण हवा विरळ असते, ती अंगाला उष्णता फार सावकाश देते. शिवाय ती कोरडी असते, त्यामुळे अंगावरचा घाम भराभर उडतो आणि उडताना उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी ज्या नियमाने गार होते, त्याच नियमाने माणूस त्या खोलीत तग धरतो. नगरच्या कोरड्या उन्हात जो मनुष्य काम करू शकतो, तोच मुंबईच्या दमट हवेत, कमी पाऱ्यातही, हैराण होतो, त्याचे कारण हेच. फळ्या लाकडाच्या का, याचेही उत्तर यातच आहे. लाकूड उष्णता लवकर देत नाही. त्या जागी लोखंडी बाक असते तर आमची कथा निराळी झाली असती.

थोड्या वेळाने भट्टीचा उस्ताद आला. त्याने दार लावले, दोन शब्द बोलला आणि लाकडी डावाने दगडांवर सुगंधी पाणी ओतले. या विधीला ते आउफगुस म्हणतात. आपण ओतणी म्हणू. पाण्याची वाफ झाली आणि टॉवेल फिरवून त्याने ती वाफ सगळ्यांच्या अंगावर घातली. तेव्हा मात्र अंगाला चटका बसला. पारा तोच, पण वाफ अंगावर पुन्हा पाणी होते आणि पाणी होताना आपल्या पोटातली उष्णता कातडीला देते. साखर कारखान्यातल्या आमच्या बंधूंना हे शिकवायला नको. वाफेची नळी फुटली म्हणजे काय होते, ते त्यांच्या हातांवर लिहिलेले आहे.

आठ-दहा मिनिटे, फार तर पंधरा. मग बाहेर मोकळ्या हवेत यायचे, गार पाणी घ्यायचे आणि पांघरूण घेऊन अर्धा तास स्वस्थ पडायचे. पुन्हा एकदा आत. ज्याला हृदयाचा विकार आहे त्याने वैद्याला विचारल्यावाचून जायचे नाही, आणि दारू पिऊन तर कोणीच जायचे नाही. आमचे माळकरी सोबती दुसऱ्या फेरीला सर्वांच्या आधी उठले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आता आम्ही तेथे काय पाहिले ते सांगतो. उघड्या अंगाचा जो बाऊ आम्ही दारात केला होता, तो आत पाच मिनिटांत नाहीसा झाला, कारण कोणी कोणाकडे पाहत नव्हते. म्हातारे, तरुण, पोट सुटलेले, अंगावर शस्त्रक्रियेच्या खुणा असलेले, सगळे एका फळीवर. आमच्या शेजारी दोघेजण बसले होते. बाहेर कपडे चढवताना पाहिले तर एकाने बस चालकाचा गणवेश घातला आणि दुसऱ्याने उंची कोट. आत तो फरक कोणाला कळला असता? हिंदीत एक म्हण आहे की, हमामात सगळेच नागडे. आपल्याकडे ती पुढाऱ्यांच्या भानगडींबद्दल वापरतात. आम्हांला तेथे तिचा सरळ अर्थ दिसला.

पण आम्ही संघटनेची माणसे, एवढ्याने हुरळून जाणारे नव्हे. कपडे उतरल्याने पगार समान होत नाही. बसचालक आणि कोटवाला बाहेर पडले ते आपापल्या घरी, आपापल्या मोहल्ल्यात गेले. आणि त्या उकाड्यात फरशी पुसणारी जी बाई होती, ती परदेशातून पोटासाठी आलेली होती. ती फळीवर बसलेली नव्हती. समतेच्या त्या खोलीची फरशीही कोणीतरी पुसावी लागते, हे आम्ही नजरेआड करू शकत नाही. असो.

ही चैन त्या कामगाराच्या वाट्याला आली कशी? आभाळातून पडली नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा जर्मन मजूर आपल्या चाळीतल्या मजुरासारखाच राहत होता. घरात न्हाणी नाही, गरम पाणी नाही. बर्लिनमध्ये ऑस्कर लासार नावाचा त्वचारोगांचा डॉक्टर होता. प्रत्येक जर्मन माणसाला आठवड्यातून एक आंघोळ, ही त्याची मागणी. १८८३ च्या आरोग्य प्रदर्शनात त्याने पत्र्याचे एक लोकस्नानगृह उभारून दाखविले. दहा फेनिग द्यायचे; साबण आणि टॉवेल त्यातच. टबाऐवजी त्याने वरून पडणारी धार वापरली, कारण तिला पाणी थोडे लागते आणि एकाचा मळ दुसऱ्याला लागत नाही. पुढे शहरोशहरी अशी स्नानगृहे निघाली. म्युनिकमध्ये कार्ल म्यूलर नावाच्या अभियंत्याने आपली घरे शहराला दान केली, अट एवढीच की त्यांतून गोरगरिबांसाठी स्नानगृह बांधावे. ते १९०१ साली उघडले. त्याच्या तळघरात कुत्र्यांच्या आंघोळीचीसुद्धा सोय होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडेल.

ऱ्हूर भागातल्या कोळसा खाणींवर तर मोठाली स्नानघरे होती. त्यांना काउए म्हणत. छतापासून साखळ्या लोंबत, साखळीला आकडा. खाणकामगार घरचे कपडे आकड्याला अडकवी, साखळी ओढून ते छतापर्यंत चढवी आणि कुलूप लावी. वर ऊब असे, म्हणून ओले कपडे वाळत. पाळी संपली की काळेठिक्कर झालेले शेकडो पुरुष एकत्र न्हात आणि एकमेकांची पाठ चोळीत, कारण आपली पाठ आपल्याला दिसत नाही. कामगाराची एकी म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही. तिथली दगडी कोळशाची शेवटची खाण बोट्रोप येथे डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. पण खाणकामगार कोळशाची पूड घेऊन घरी जात नसे, हा पायंडा पडून गेला.

आणि सॉना? १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी फिनलंडच्या खेळाडूंसाठी क्रीडाग्रामात एक सॉना बांधला होता. युद्धानंतर ही पद्धत जर्मनीत पसरली. परंतु घाम गाळत बसायलाही वेळ लागतो, आणि वेळ हा मालक देत नाही, घ्यावा लागतो. आठ तासांचा दिवस जर्मन कामगाराने नोव्हेंबर १९१८ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत मिळविला. १९५६ च्या मे दिनाला तिथल्या संघटनांनी भित्तिपत्रक काढले, त्यावर एक लहान मूल म्हणत होते की, शनिवारी बाबा माझे. १९८४ साली धातुकामगारांनी पस्तीस तासांच्या आठवड्यासाठी मोठा संप केला आणि १९९५ मध्ये पश्चिम भागात तो पदरात पडला. आम्ही शनिवारी त्या फळीवर बसलो होतो, ती फळी अशी तयार झाली होती.

आपणही अगदीच मागे नव्हतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने मुंबईच्या गिरणी कामगाराला १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना आखलेल्या धोरणातून १९४६ साली कारखान्यांसाठी अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा कायद्यात आला.

कोणी म्हणेल, हे घामघर म्हणजे परक्यांचे खूळ. त्यांना आम्ही चरकसंहिता उघडायला सांगतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात झाले. तेथेच मराठी भाषांतरात चरकाचा स्वेदाध्याय हाती लागला. त्यात अग्नीच्या साह्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार आहेत आणि त्यांत जेंताक नावाचा एक प्रकार आहे. तळ्याच्या काठी गोल खोली बांधावी, भिंतीला लागून आतून ओटा करावा, मध्यभागी निखाऱ्याची भट्टी करावी. रोग्याने ओट्यावर पडून राहावे, घाबरून ओटा सोडू नये. बाहेर आल्यावर एकदम थंड पाण्याला जाऊ नये, थोडा वेळ थांबून कोमट पाण्याने न्हावे. फळीच्या जागी ओटा धरला, तर हा सॉनाच की! फरक एवढा की, चरकाचे घामघर रोग्यासाठी, आणि ते बांधून घेण्याची ऐपत असणाऱ्यासाठी.

त्याच अध्यायात पुढे अग्नीवाचून येणाऱ्या घामाचे दहा प्रकार दिले आहेत. व्यायाम, उबदार घर, जड पांघरूण, ऊन वगैरे. आणि त्यांतच भूक, भय आणि क्रोध. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. ज्या आचार्याने हे लिहिले त्याने मजूर पाहिला होता. ऊस तोडताना येतो तो कष्टाचा घाम. पोटात काही नसताना येतो तो भुकेचा. मुकादमाची उचल फिटली नाही म्हणजे येतो तो भयाचा. हे सारे घाम आमच्या माणसाला फुकट मिळतात. विसाव्याचा घाम तेवढा त्याच्या नशिबी नाही.

आणखी एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या लेकीने, अहिल्याबाईंनी, देशभर घाट बांधले. आज जिल्ह्याला त्यांचे नाव आहे. घाट म्हणजे सार्वजनिक स्नानगृहच. पण आपल्या समाजाने पाणवठ्यांची वाटणी जातीवर केली. महाडच्या तळ्याचे ओंजळभर पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. जर्मनीत आम्हांला लाज वाटली ती अंगावर कपडा नाही याची. शेजारी कोण बसले आहे याची लाज तिथल्या कोणाला नव्हती. दोन लाजांपैकी कोणती सोडावी, याचा विचार आपण घरी जाऊन करावा.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. १९५० साली याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. साखरेने जिल्ह्याचा चेहरा पालटला, हे नाकारणारे आम्ही नव्हेत. पण त्या साखरेसाठी ऊस कोण तोडतो? पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाजवळ पाचटाच्या कोप्या घालायच्या आणि चार-पाच महिने तेथे काढायचे. उसाच्या पात्याने अंग चिरते, कुसळ घामात रुतते. पुरुष पाटाच्या कडेला अंगावर पाणी घेतो. बाईने काय करायचे? ती तांबडे फुटायच्या आत उठते, दोन काठ्यांना लुगडे बांधते आणि त्या आडोशाला तांब्याभर पाण्यात न्हाते. उजाडले तर तेही नाही. पाळीच्या चार दिवसांत तिची काय दैना होते, ते मायभगिनी जाणतात. २०१९ साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. अंग धुवायला जागा नाही, कामाचा खाडा परवडत नाही, दुखणे अंगावर काढायचे, आणि शेवटी पिशवीच काढून टाकायची! म्युनिकच्या तळघरातली ती कुत्र्यांची सोय आम्ही ध्यानात ठेवायला सांगितली होती, ती याचसाठी.

औद्योगिक वसाहतीत यायचे तर एका ओतकामाच्या कारखान्यातली हकिकत सांगतो. नाव घेण्याचे प्रयोजन नाही. भट्टीपुढे आठ तास उभे राहणाऱ्या तीस-पस्तीस माणसांना एकच नळ, तोही सायकलींच्या छपराजवळ. वाळू आणि काजळी अंगावर घेऊन ती माणसे घरी जात. लेकरू धावत आले तर त्याला आधी दूर करीत. आम्ही न्हाणीघराची मागणी केली, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "पगारवाढ मागा, समजू शकतो. आंघोळ ही काय मागणी झाली?" सात महिने बोलणी चालली. शेवटी चार न्हाण्या आणि कपडे ठेवायला खण मिळाले. त्या दिवशी पेढे वाटले गेले नाहीत, पण पाळी सुटल्यावर माणसे भांग पाडून बाहेर पडली, ते आम्ही फाटकाशी उभे राहून पाहिले.

ही मागणी काही खैरातीची नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४२ व्या कलमात धुण्या-नाहण्याची सोय होती, ४३ व्यात कपडे ठेवण्याची आणि वाळवण्याची. आता २०२० ची कामगार सुरक्षा संहिता आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. नव्या संहितेतील इतर कलमांवर आमची भांडणे आहेत आणि ती राहतील. पण न्हाण्याची जागा आणि कपड्यांचे खण तिच्यातही लिहिले आहेत, स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यासाठी वेगवेगळे. तेव्हा कागद तयार आहे. कमी आहे ती मागणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची. फडातली बाई मात्र मुकादमाच्या हिशेबातली. कारखान्याच्या फाटकाआड ती कधी येतच नाही, म्हणून कारखान्याच्या भिंतीआड लिहिलेला हक्क तिच्या कोपीपर्यंत पोचत नाही. खरी लढाई तेथे आहे.

हरकत येईल की, आपला जिल्हा दुष्काळी, प्यायला टँकर, आणि तुम्ही न्हाणीघरे मागता. त्यावर लासारचे उत्तर आहे. त्याने टब सोडून धार घेतली ती पाणी वाचवण्यासाठीच. माणशी एक बादली पुरे. ज्या उसाला आपण पाटाचे पाणी देतो, त्या उसाला तोडणाऱ्या बाईला एक बादली देता येत नाही, असे म्हणण्याची हिंमत या सभेत कोणाची आहे काय? चार पत्रे, एक दार, आतून कडी, आणि पाण्याची एक टाकी. प्रत्येक तळावर एवढेच हवे. गळीत सुरू होण्यापूर्वी रस्ते दुरुस्त होतात, यंत्रे तेलपाणी होतात. त्याच यादीत हे एक काम चढवायचे आहे.

आम्ही काही नगरात जर्मन पद्धतीची घामघरे काढा, असे सांगायला आलो नाही. आपल्या रीतिभाती वेगळ्या, आणि उकाडा आपल्याला विकत घ्यावा लागत नाही. पंचा आपल्याला शोभतो, तो राहू द्या. पण कष्टकऱ्याचे अंग ही मान देण्याची वस्तू आहे, आणि दिवसभर राबलेल्या अंगाला पाणी, आडोसा आणि घटकाभर विसावा मिळणे हा त्याचा हक्क आहे, हे मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

या सभेत साखर कारखान्यांचे सभासद बसले आहेत, संचालकही असतील. उद्योजक आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत. आमची विनंती एवढीच. पुढच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून झाला आणि अध्यक्षांनी "कोणाला काही विचारायचे आहे काय?" असे विचारले, म्हणजे उठून उभे राहा आणि विचारा : आपल्या तोडणी तळांवर बायकांना न्हाणीघरे किती? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.